राक्षस कोणत्या गावचा?

न्यायालयात रोज वावरणाऱ्या माणसास एक गोष्ट फार लवकर कळून येते. आरोपी कठड्यात येऊन उभा राहिला की पाहावयास आलेल्यांपैकी निम्म्यांचा निकाल त्याच्या चेहऱ्यावरूनच लागून गेलेला असतो. भुवया जाड असल्या, मान आखूड असली, नजर किंचित तिरपी असली, की साक्षीपुराव्याची आवश्यकताच कोणास वाटत नाही. न्यायाधीशाने असे करू नये म्हणून पुराव्याचा कायदा आहे. बाकांवर बसलेल्यांसाठी तसा कायदा नाही, आणि असता तरी त्याचा उपयोग झाला नसता. परंतु ज्या कलेत माणसे रेघांनी निर्माण करावयाची असतात, त्या कलेत हा चेहऱ्यावरून निकाल देण्याचा प्रकार रीतसर शास्त्र म्हणून शिकविला जातो, ही वार्ता आम्हांस आमच्या भाचीकडून मिळाली आणि आम्ही कान टवकारले.

ही आमची भाची मुंबईच्या एका कलासंस्थेत ॲनिमेशनची, म्हणजे हलत्या चित्रांची विद्या शिकत आहे. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा एक लघुपट करून दाखवावयाचा असतो. हिने अद्भुतकथा करावयाचे ठरविले आणि स्थळ निवडले पांढुर्णा. निवडीचे कारण उघड होते. आमचे मूळ घर कोकणात आणि कुलदैवत गोव्यात असले, तरी आमची वकिली गेली कित्येक वर्षे सौंसर आणि पांढुर्णा येथील न्यायालयांत चालली आहे. भाचीच्या लहानपणच्या सुट्ट्या आमच्याकडे संत्र्यांच्या बागांत गेल्या. मंगेशी, मार्दोळ आणि कवळे यांच्या वाऱ्या नित्य करणाऱ्या आमच्या वाचकांस हा मुलूख बहुधा अपरिचित असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा हा निराळा जिल्हा निघाला व सौंसर त्यात आले. घरी मराठी, शेतात वऱ्हाडी वळणाची मराठी, आणि कचेरीत हिंदी, असा येथील व्यवहार आहे. साक्षीदार मराठीत बोलतो, कागदावर हिंदी उतरते, आणि उतरताना माणूस थोडा बदलतो. असो.

पांढुर्ण्याचे नाव दूरवर गेले आहे ते गोटमारीमुळे. श्रावण अमावास्येला पोळा होतो. दुसऱ्या दिवशी नदीच्या एका तीरावर पांढुर्ण्याचे लोक व समोरच्या तीरावर सावरगावचे लोक जमतात. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधलेला असतो. तो झेंडा हस्तगत करण्यासाठी पांढुर्णेकर पुढे सरसावतात, सावरगावकर त्यांस दगडांनी रोखतात, आणि दिवस मावळेपर्यंत दोन्हीकडून दगडांचा वर्षाव चालतो. शेवटी ते झाड चंडीमातेच्या देवळात नेतात. यामागची कथा अशी सांगतात की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीस घेऊन नदी ओलांडत होता. मुलीकडच्यांनी दगड मारले, मुलाकडच्यांनी उलट मारले, आणि मधल्या मध्ये ती दोघे गतप्राण झाली. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावातून ही चाल पडली असेही कोणी सांगतात. कथा कोणतीही घ्या, जखमा मात्र खऱ्या आहेत. दरवर्षी शेकड्यांनी माणसे घायाळ होतात. १९५५ पासून डझनाहून अधिक माणसे यात मेली, अशी गणना वृत्तपत्रांत वेळोवेळी छापून येते. प्रशासनाने रबरी चेंडू वाटून पाहिले, पण खेळणाऱ्यांनी ते बाजूस टाकून दगड उचलले. पूर्वी कलम १४४ खाली मनाई होत असे. १ जुलै २०२४ पासून तेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे. क्रमांक बदलल्याने दगडांच्या वजनात फरक पडलेला नाही.

आता भाचीच्या विद्येकडे वळतो. ॲनिमेशनमध्ये पात्र घडविण्याची एक पद्धत आहे. प्रथम पात्राचा मूळ आकार ठरवितात. वर्तुळ म्हणजे निरागसपणा, चौकोन म्हणजे भरवसा आणि त्रिकोण म्हणजे धोका. मग त्या पात्राचे आकारपत्रक तयार करतात. त्यास ही मंडळी मॉडेल शीट म्हणतात. त्यात तेच पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून, हसताना, रडताना, रागावलेले असे काढून ठेवलेले असते, म्हणजे दहा निरनिराळ्या हातांनी चित्रे काढली तरी माणूस एकच राहतो. नंतर परीक्षा अशी की, पात्र आतून पूर्ण काळे भरावयाचे आणि नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येते का ते पाहावयाचे. सेकंदास २४ चौकटी लागतात. एक रेखाटन दोन चौकटींस पुरविले, तरी चार मिनिटांच्या लघुपटास २,८८० रेखाटने होतात. एवढ्या पसाऱ्यात पात्र ओळखू येणे ही साधी गरज आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण ओळखू येणे आणि दोषी ठरणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

भाचीच्या पहिल्या वहीत पांढुर्ण्याचा मुलगा वाटोळ्या चेहऱ्याचा, संत्र्याच्या रंगाचे मुंडासे बांधलेला होता. सावरगावची मुलगीही तशीच वाटोळी आणि मोठ्या डोळ्यांची होती. सावरगावचा जमाव मात्र काळ्याजांभळ्या छटेत, खांदे वर आलेले, हनुवट्या टोकदार, असा काढलेला होता. त्यांच्या म्होरक्यास कपाळावर शिंगांसारखी दोन टोके होती. तिच्या मार्गदर्शकांस हे रेखाटन पसंत पडले होते. अद्भुतकथेत खलनायक लांबून ओळखता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

आम्ही वही परत देताना एवढेच विचारले की, बाई, मुलीचा बाप त्रिकोणी आणि मुलगी वर्तुळाकार, हे कसे? मुलगी सावरगावचीच ना?

ती हसली, पण उत्तर मिळाले नाही. उलटतपासणीत साक्षीदार गप्प बसला की वकिलास जे समाधान होते ते आम्हांस झाले, हे लपवीत नाही. भाचीने मात्र वही गुंडाळून ठेवली नाही, हा तिचा मोठा गुण. ती आमच्याबरोबर पांढुर्ण्यास आली आणि नदीकाठी बसून माणसे काढू लागली.

तेथे आमचा एक जुना पक्षकार भेटला. हा सावरगावचा शेतकरी. तरुणपणी गोटमारीतच त्याचा डावा डोळा गेला. दगड कोणत्या काठावरून आला हे त्यास आजवर कळलेले नाही, कारण वळून पळताना लागला. त्याची सून पांढुर्ण्याची आहे आणि एक बहीण पांढुर्ण्यास दिलेली आहे. त्याने भाचीची वही मागून घेतली, पाने सावकाश उलटली आणि त्या शिंगवाल्या म्होरक्यावर बोट ठेवून विचारले, "बाई, हा मानूस कोन्या गावचा व्हय?"

भाचीने सांगितले नाही. म्हाताऱ्याने पुन्हा विचारले नाही. पण त्या दिवशी परत येताना मोटारीत ती एक शब्द बोलली नाही, आणि सौंसरला उतरल्यावर म्हणाली, "मामा, तो राक्षस काढून टाकते. पण मग गोष्ट कोणाविरुद्ध?"

या प्रश्नास आम्ही काही दिवस धरून बसलो होतो. आपल्याकडे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे पूर्वीच दिली गेली आहेत, असे आम्हांस दिसून आले.

एक उत्तर नागपूरचे. पांढुर्ण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, पोळ्याच्या त्याच दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. बांबू आणि कागद यांची प्रचंड स्त्रीरूपे, एक काळी व एक पिवळी, रस्त्यांतून नेतात आणि गावातील रोगराई व पीडा त्यांच्याबरोबर बाहेर घालवून त्यांस जाळतात. बरोबर बडगेही असतात आणि त्यांवर त्या त्या वर्षीची महागाई किंवा भ्रष्टाचार यांचा शिक्का असतो. पात्ररचनेचा एवढा सामर्थ्यवान प्रकार कोणत्याही कलासंस्थेत पाहावयास मिळणार नाही, हे आम्ही भाचीला मोठ्या अभिमानाने सांगितले. परंतु काळ्या मारबतीविषयी लोकसमजूत अशी आहे की, ती भोसले घराण्यातील बाकाबाई, जिने इंग्रजांशी संधान बांधले. म्हणजे एका हाडामांसाच्या स्त्रीचे पात्र करून तिला वर्षानुवर्षे सुनावणीशिवाय जाळणे चालले आहे. तिने काय केले, कोणत्या संकटात केले, याची चौकशी मिरवणुकीत होत नाही, आणि तशी अपेक्षाही करता येत नाही. पीडा जाळावयाची तर तिला चेहरा हवा, आणि चेहरा द्यावयाचा म्हटले की तो कोणाचा तरी असणार. नागपूरकरांचा राग पत्करून सांगतो, हा मार्ग भाचीच्या कामाचा नव्हता. सावरगावात तिच्या चित्रपटाच्या चेहऱ्याची माणसे जिवंत आहेत.

दुसरे उत्तर आमच्या वाचकांच्या घरचे आहे. दशावतारातील संकासूर कोणास ठाऊक नाही? काळा वेष, काळा बुरखा, बाह्यरेषेवरून ओळखण्याच्या परीक्षेत तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल. वेद चोरणारा तो दैत्य आहे आणि विष्णूच्या हातून मरणार हे पाळण्यातील पोरासही माहीत असते. तरी देवळासमोरच्या मांडवात त्याच्या येण्याची वाट पाहिली जाते. तो मालवणीत बोलतो, समोर बसलेल्यांची थट्टा करतो, गावातील भानगडी बाहेर काढतो. रूप राक्षसाचे, पण भाषा आपली! आमच्या आजोळच्या जत्रेत पोरे त्याला भिऊन पळत आणि पुन्हा त्याच्याच पुढ्यात येऊन बसत. त्रिकोण म्हणजे धोका हा धडा ज्यांनी लिहिला त्यांनी संकासूर पाहिला नसावा.

याच संदर्भात आम्ही भाचीस आपल्या जुन्या देवळांवरील कावीची आठवण दिली. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा रंग उघडा करावयाचा, एवढीच ती रीत. रंग दोनच, तांबडा आणि पांढरा. त्यातच देव, त्यातच दैत्य, त्यातच हत्ती आणि वेली. दैत्यासाठी निराळा रंग आणावयाचा म्हटले तरी कारागिराजवळ तो नाही. कोण कोण आहे हे उभे राहण्यावरून, हातातील वस्तूवरून आणि कृतीवरून समजून घ्यावे लागते. भाचीने गोव्यास गेल्यावर कावीची रेखाटने केली आहेत. ती म्हणाली, "मग दोन्ही गावांना एकाच मातीतून काढता येईल." वाक्य साधे होते, पण त्यानंतर सहा महिने तिने जे काम केले ते त्यातून निघाले.

तिसरे साहाय्य चित्रपटाच्या इतिहासातून आले. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' नावाचा लघुपट केला. तो आपल्या देशातील ॲनिमेशनच्या आरंभीच्या प्रयत्नांत गणला जातो. आगकाडीस नाक नाही, डोळा नाही, आणि शेजारच्या आगकाडीहून ती वेगळीही नाही. पात्र निर्माण होते ते केवळ हालचालीतून. याच फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने रामाचे आणि सीतेचेही काम केले होते. प्रेक्षकांची त्यास हरकत नव्हती. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने व्यंगचित्रपटांचा विभाग उघडला, तेथे १९५६ च्या सुमारास डिस्नेच्या स्टुडिओतील क्लेअर वीक्स शिकवावयास आले. त्या विभागाने पुढे जातकातील न्यग्रोध मृगाच्या कथेवर चित्रपट केला. त्या कथेतही एकाच वनात मृगांचे दोन कळप आहेत, दोघांचे दोन नायक आहेत आणि दोन्ही नायक सुवर्णवर्णाचे आहेत. भाचीच्या पिढीचा दाखला जपानी आहे. हायाओ मियाझाकी यांच्या १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'मध्ये जंगल तोडणारी स्त्रीच कुष्ठरोग्यांना आसरा देते. त्या चित्रपटातील अरण्य रंगविण्यापूर्वी चित्रकार याकुशिमा बेटावर जाऊन तेथील झाडे पाहून आले होते, हे भाचीने सांगितले. आम्हांस यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. अद्भुत काढावयाचे तरी आधी प्रत्यक्ष जागा पाहून यावी लागते.

म्हणून स्थळाचे काम सुरू झाले, आणि येथे आमची भाची खरी रमली. पहिल्या वहीत तिने नदीतील पळस फुलांनी पेटलेला दाखविला होता. पळस फुलतो फाल्गुनात, आणि गोटमार होते श्रावण सरल्यावर भाद्रपदाच्या प्रतिपदेस. त्या वेळी पळसास मोठी हिरवी पाने असतात आणि आकाश पावसाळी असते. कथा अद्भुत असल्याने फुले ठेवता आली असती. अद्भुतास ऋतू मोडण्याचा अधिकार आहे, पण मोडणाऱ्यास आपण काय मोडले हे ठाऊक हवे. भाचीने पळस हिरवा केला. तोडून आणलेल्या त्या झाडाला अगदी शेवटी, देवळात नेताना, एकच तांबडे फूल येते. पूर्वी तिने सारा पडदा लाल केला होता, तेव्हा डोळ्यांस काहीच जाणवत नव्हते.

दगडांची कथा त्याहून मजेची आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी या बाजूच्या प्राचीन खडकांच्या एका समूहास सौंसर हेच नाव दिले आहे. त्यात संगमरवर आहे, अभ्रकाने चमकणारा खडक आहे आणि काळे मँगनीजही आहे. हे खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे समजले जातात. पांढुर्ण्याकडचा काळा दगड त्या मानाने पोरवयाचा, दख्खनच्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आमच्या तालुक्याच्या गावाचे नाव एवढ्या म्हाताऱ्या दगडास लागले आहे हे सौंसरच्या बाररूममध्ये आम्ही सांगितले, तेव्हा एका सहकाऱ्याने त्या दगडाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, असा प्रश्न केला.

भाचीने मात्र यातून आपली पात्रे काढली. तिच्या कथेत पोळ्याच्या रात्री नदीतील दगड जागे होतात. त्यांत एक पांढरा दगड आहे, कोणाच्या तरी बैलगाडीतून सौंसरहून आलेला, सर्वांची आजी. काळे दगड उद्या कोण कोणास लागणार यावर बडबड करीत असतात आणि ही आजी त्यांस नदीत आणखी खोल सरकावयास सांगते. दगड आपणहून हलू शकतात, पण फार थोडे, रात्रभरात वितीएवढे. निजलेला दगड आणि जागा दगड यांत रेघांचा फरक किती ठेवावा, या प्रश्नावर ती अडली होती. तो सुटला जामसावळीस. सौंसरजवळच्या या क्षेत्री मारुतीराय पिंपळाखाली निजलेले आहेत. इतरत्र गदा उगारून उभा असणारा देव येथे पहुडला आहे, आणि तरी बळाची जाणीव तसूभर कमी होत नाही. पुजाऱ्यांस विचारून, मंडपाबाहेर बसून, तिने दिवसभर नुसत्या पहुडण्याच्या रेषेचा अभ्यास केला. देवाची प्रतिमा तिने चित्रपटात घेतलेली नाही. जागेपणी उठू शकेल असा भार निजलेल्या अंगात कसा दिसतो, एवढेच तेथून नेले.

राहिला देवीचा प्रश्न. झाड चंडीमातेच्या देवळात जाणार, तर देवी दाखवावी की न दाखवावी? मार्गदर्शकांची सूचना होती की, देवीने डोळे उघडावे व जमावाकडे पाहून पापणी मिटावी. ही सूचना आमच्या मातुःश्रींच्या कानी गेली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि ॲनिमेशन म्हणजे काय याची त्यांस फारशी कल्पना नाही. त्या म्हणाल्या, "देवाची पापणी लवते होय गे? दमयंतीने कसे ओळखले मग?"

भाचीस ही कथा सांगावी लागली. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचे रूप घेऊन बसले. समोर पाच नल, पाचही चेहरे सारखे. दमयंतीने मनोमन प्रार्थना केली, तेव्हा देवांनी आपली चिन्हे प्रकट केली. देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, गळ्यातील माळा कोमेजल्या नव्हत्या, अंगावर धूळ नव्हती, पाय भूमीस टेकले नव्हते. एकाची छाया पडत होती, माळ सुकली होती, अंगावर धूळ आणि घाम होता, पापणी लवत होती. तिने त्याच्या गळ्यात माळ घातली.

ॲनिमेशनवाल्यांस यात एक अडचण आहे, ती भाचीने समजावून सांगितली. चित्रातील पात्राची पापणी बराच वेळ लवली नाही तर ते मेलेले वाटते. ते जिवंत भासावे म्हणूनच या विद्येत पापणी लववितात. म्हणजे जे देवत्वाचे लक्षण, तेच पडद्यावर मृत्यूचे लक्षण! यावर तिने तोड काढली ती आम्हांस फार पसंत पडली. देवी दिसतच नाही. देवळाच्या दारात समईची ज्योत आहे आणि ती वाऱ्यातही हलत नाही. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची सावली त्या ज्योतीने भिंतीवर पडते, घाम चमकतो, पापण्या लवतात. जे न हलणारे आहे ते एकच आहे आणि त्याला चेहरा नाही. मातुःश्रींनी ही चित्रे पाहून मान डोलावली आणि समईस वाती किती घेतल्या ते विचारले. भाचीने एक काढली होती, ती पाच केली.

याच पाच नलांतून जमावाचाही प्रश्न मिटला. भाचीने नदीकाठच्या रेखाटनांतून चोवीस माणसे निवडली आणि त्यांचे एकच आकारपत्रक केले. तीच चोवीस माणसे पांढुर्ण्याच्या तीरावर आहेत आणि तीच, आरशातल्यासारखी उलटी, सावरगावच्या तीरावर. कोणी दगड उचलतो, कोणी उचलून खाली ठेवतो, कोणी पोरास मागे ओढतो. धूळ दोन्हीकडे सारखी उडते. ज्यास पाहावयाचे तो पाहील की, हा मनुष्य मघाशी पलीकडे होता. मार्गदर्शकांनी प्रथम नाराजी दर्शविली. पात्रे निम्मी झाल्याने रेखाटनांचे कामही कमी होते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी संमती दिली. खलनायकाचा रकाना मात्र त्यांच्या छापील नमुन्यात आहेच, आणि तो भरल्यावाचून कागद पुढे सरकत नाही. भाचीने तेथे 'वेग' असे लिहिले आहे. हातात निवांत असलेला दगड सुटल्यावर काय होतो, एवढे तिला दाखवावयाचे आहे.

वकील या नात्याने आमच्यापुढे आणखी एक शंका होती. ज्या खेळात माणसे मरतात त्याचे सुंदर चित्र करावे काय? लोककथेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तेव्हा कायद्याची आडकाठी नाही. शंका निराळीच होती. सौंदर्याने खेळास प्रतिष्ठा येईल, ही ती शंका. यावर आमचे मत असे झाले आहे की, चित्रपटात दगड लागताना दाखविला असता तर प्रतिष्ठा आली असती. भाचीने तो क्षण काढलेलाच नाही. दगड सुटतो, पडदा पांढरा होतो, आणि सौंसरची आजी वितीभर सरकलेली दिसते. गावातील तरुण हे पाहून पुढील वर्षी दगड उचलणार नाहीत, अशी भाबडी आशा आम्ही बाळगीत नाही. ती उमेद प्रशासनाने रबरी चेंडू वाटून केव्हाच अजमावली आहे.

मागील महिन्यात भाचीने नवे पत्रक सावरगावच्या त्या पक्षकारास दाखविले. चोवीसांत तोही आहे. त्याने स्वतःस दोन्ही तीरांवर शोधून काढले, बोटाने अंतर मोजले आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "माहे दोन्ही डोये शाबूत ठेवले, बाई."

भाचीने विचारले, "एक काढून टाकू?"

त्याने थोडा विचार केला. "इकडच्याले दोन राहू दे. तिकडच्याले एक कर."

आरशातल्यासारखी उलटी माणसे असा तिचा नियम होता, तो या एका डोळ्याने मोडला. त्या माणसाचे आकारपत्रक तिने पुन्हा पहिल्यापासून काढावयास घेतले आहे. २,८८० रेखाटनांपैकी तो किती ठिकाणी येतो, ते ती सध्या मोजते आहे.